अधिक महिना आणि मारा नदी

केनियाच्या टूरची तारीख मी कालनिर्णय बघून ठरवते. नैरोबीच्या आमच्या एजंटाला हे एकदा फोनवर सांगितलं तेव्हा तो हसला. त्याला वाटलं, मी टूरचा मुहूर्त काढते. प्रश्न मुहूर्ताचा नसतो. जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत सेरेंगेटीतले विल्डबीस्ट मारा नदीच्या आसपास असतात. तेरा लाखांच्या घरात विल्डबीस्ट, सोबत दोनेक लाख झेब्रे. अख्ख्या जगाला तेव्हाच तिथे जायचं असतं आणि नेमक्या त्याच महिन्यांत माझं गिऱ्हाईक, म्हणजे लालबागचा माणूस, जागचा हलत नाही. श्रावणाचं मी निभावून नेते. मासाई माराच्या कॅम्पांत डाळ-भात मिळतो, गुजराती पाहुण्यांनी तिथल्या आचाऱ्यांना कधीच तयार करून ठेवलंय. पण गणपतीत कोण येणार? 2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला. नदीवर गाड्यांची सगळ्यात जास्त दाटी असते ते हेच दिवस. त्यानंतर पितृपक्ष. त्या पंधरवड्यात कोणी बुकिंगचा चेकसुद्धा फाडत नाही. मग घट बसतात, दसरा होतो, सहामाही येते, आणि दिवाळीचा फराळ संपवून कुटुंब मोकळं होईपर्यंत कळप दक्षिणेच्या वाटेला लागलेले असतात.

म्हणून नवं कॅलेंडर हातात पडलं की मी आधी अधिक महिना शोधते. 2026चं उघडलं तर अधिक ज्येष्ठ. म्हणजे पुढचे सगळे सण लांबले. गणपती 14 सप्टेंबरला, श्रावण लागणार 13 ऑगस्टला आणि ऑगस्टचा पहिला आठवडा चक्क आषाढात. मला लॉटरी लागल्यासारखंच वाटलं. मासे-मटण चालतं, मंडळाची पावती पुस्तकं अजून पुरती बाहेर पडलेली नसतात आणि शाळेला आठ दिवस दांडी मारायला आईबाप कसेबसे तयार होतात. मोठ्या कंपन्यांना ही उठाठेव लागत नाही. त्यांच्या वर्षभराच्या तारखा आधीच छापलेल्या असतात आणि त्यांना माणसं देशभरातून मिळतात. माझी माणसं करी रोड ते चिंचपोकळी या पट्ट्यातली. त्यांच्या घरातल्या तिथ्या मला पाठ हव्यात.

सगळ्यात जास्त वाद होतो तो मे महिन्यावरून. सुट्टी मेमध्ये, मग टूर मेमध्ये का नाही? तिकडे मार्च ते मे मोठा पाऊस असतो, मासिका म्हणतात त्याला. माराची माती काळी. सोलापूर-परभणीकडच्या माणसाला जास्त सांगावं लागत नाही, भिजलेल्या काळ्या मातीत चाकाचं काय होतं ते त्याने बघितलेलं असतं. मुंबईकराला मात्र दिसतो फक्त कॅम्पचा उतरलेला भाव. तो मोबाइल माझ्या तोंडासमोर धरतो, "ताई, हे बघा, निम्म्यात देतायत." मी म्हणते, "दादा, निम्म्यात का देतायत तेवढं विचारून या." काही जण विचारून परत येतात, काही तिकडेच बुक करतात. त्यांना मी अडवत नाही.

त्यातल्या त्यात सुखाचा महिना फेब्रुवारी. तेव्हा कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुतूच्या मैदानावर असतात आणि विल्डबीस्टच्या माद्या दोन-तीन आठवड्यांच्या आत लाखोंनी वितात. पिल्लू उभं राहून धावायला लागतं ते काही मिनिटांत, कारण तरस आणि चित्ते तिथेच बसलेले असतात. हवा कोरडी, झांजिबारचा समुद्र शांत. पण फेब्रुवारी म्हणजे प्रिलिम, बोर्ड, प्रॅक्टिकल. तेव्हा तो महिना मी निवृत्तांना देऊन टाकला आहे. बेस्ट, महापालिका, पोस्ट, केईएम. इथल्या निवृत्तांची भिशी असते, पतपेढीत ठेव असते, आणि ताडोबा बहुतेकांचं झालेलं असतं.

ताडोबा झालेली माणसं मला आवडतात आणि तीच जास्त हट्टीही असतात. चार फेऱ्या, एक वाघ, हा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. समोर बसून पहिला प्रश्न येतो, "बिग फाइव्ह गॅरंटी आहे ना?" सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा ही यादी शिकाऱ्यांनी केली, पायी मारायला सगळ्यात अवघड जनावरं कुठली, त्यावरून. आपल्याला मारायचं नाही, तर ती यादी घेऊन आपण काय करायचं, हे मी दरवेळी विचारते आणि दरवेळी यादी टेबलावर तशीच राहते. एका काकांनी मला समजावलं, "अहो, आम्ही लालबागच्या राजाच्या रांगेत रात्र काढणारी माणसं. थांबायची आम्हाला सवय आहे." सवय आहे हे खरं. पण त्या रांगेच्या टोकाला राजा बसलेला असतोच. माराच्या गवतात रात्रंदिवस उभं राहिलं तरी टोकाला कोणी असेलच असं नाही, आणि हे पैसे घ्यायच्या आधी सांगणं हा माझ्या कामाचा भाग आहे. असं बोलून गिऱ्हाईक जातं, असं शेजारचा मोबाइलवाला म्हणतो. मला तर उलटं दिसतं. एवढं ऐकूनही जो येतो, तो तिकडे पोचल्यावर भांडत नाही.

आखणीतलं माझं खरं काम खोडण्याचं. लोक यूट्यूब बघून यादी आणतात. नैरोबी, अंबोसेली, नाकुरू, नैवाशा, मारा, सेरेंगेटी, न्गोरोंगोरो, झांजिबार, आणि हे सगळं आठ दिवसांत. नकाशावर सगळं बोटाबोटाच्या अंतरावर दिसतं. मी रात्री मोजते. नैरोबीहून मारा साधारण 270 किलोमीटर, वाटेत रिफ्ट व्हॅलीचा कठडा, मग नारोक, जेवण, पाच-सहा तास तर गेलेच. कॅम्प बदलला की एक सकाळ जाते, आणि सकाळ गेली की सफारी गेली. सिंह उजाडताना हालचाल करतात. दहा वाजता ते झुडपाखाली आडवे होतात आणि आपण फोटो काढतो तो शेपटीचा. जो माणूस उजाडताना खोलीत बॅगेची चेन ओढत बसलाय, त्याने विमानाचं भाडं कशासाठी भरलं? म्हणून मारात तीन रात्री. खाली येणार नाही.

इथे पैशाचा प्रश्न उठतो, कारण माराची रात्र बिलात डोळ्यांवर येते. 2024 पासून अभयारण्याचं शुल्क परदेशी माणसाला जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा तासांचं. घरात चार माणसं असली की तीन दिवसांचा आकडा बघून यजमान चष्मा काढतात. वर टीसीएस, टूरच्या रकमेवरचा आगाऊ कर. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण आधी खिशातून जातोच. मग सुचवलं जातं की माराची एक रात्र कमी करा आणि नाकुरू ठेवा, तिथे फ्लेमिंगो असतात. गुलाबी तळ्याचा तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. तळ्याचं पाणी वाढलं, खारेपणा उतरला, आणि फ्लेमिंगो बोगोरियासारख्या दुसऱ्या तळ्यांकडे पांगले. नाकुरूला गेंडा चांगला दिसतो. गेंड्यासाठी जायचं असेल तर ठेवते. गुलाबी फोटोसाठी असेल तर पेन्सिल फिरवते. अंबोसेलीबद्दल माझा असा आग्रह नाही. हत्तींचे कळप आणि मागे 5,895 मीटरचा किलिमांजारो, ज्याला ते हवं त्याने पहाटे लवकर उठावं. ढग चढले की डोंगर नसतोच.

गाडीत बसण्याची व्यवस्था ही मात्र मी कधीही गाइडवर सोडत नाही. छत वर उचलणारी लँड क्रूझर, सहा माणसं, सहाही खिडक्या. ऐकायला भांडणाला जागा नाही. पण मागच्या दोन सीटना दणके जास्त बसतात, तिकडचे ड्रायव्हर हसत त्याला आफ्रिकन मसाज म्हणतात, आणि कंबरेला पट्टा लावलेल्या मावशींना ते हसू येत नाही. पुढच्या सीटवर बसलेल्याला गाइडचं सगळं ऐकू येतं. म्हणून मी इथूनच तक्ता करून नेते, सकाळ-संध्याकाळ कोण कुठे. नवराबायकोंना शेजारी बसवायचं की नाही हे तक्ता करताना मी विचारते, आणि उत्तर बायकोकडून घेते. एकदा बिबट्या झाडावर असताना दोन साडूंमध्ये डाव्या खिडकीवरून जुंपली. गाइड शांतपणे गाडी बंद करून बसला, बिबट्याही बसला. भांडण मिटलं तेव्हा दोघांनाही दिसला. तेव्हापासून तक्त्यावर सगळ्यांच्या सह्या घेते.

लसीचं प्रकरण वेगळंच. यलो फीव्हरची लस सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते. आम्ही जातो ते भायखळ्याच्या जे.जे.ला, नाहीतर सहारला विमानतळाच्या आरोग्य कार्यालयात. लस टोचल्यावर प्रमाणपत्र लागू होतं ते दहा दिवसांनी, त्यामुळे "निघायच्या आधी घेऊ" चालत नाही. 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. केनियाहून झांजिबारला उतरताना बघतात, आणि मुंबईत परतताना तर बघतातच. नसेल तर सहा दिवस विलगीकरण. साठी ओलांडलेल्यांना मात्र लस द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, आणि माझा फेब्रुवारीचा सगळा गट साठीच्या पुढचा. या कारणाने कुणाची टूर रद्द करावी लागली तर वाईट वाटतं, पण तिथे गोड बोलून मार्ग काढत नाही. केईएममधून निवृत्त झालेल्या एक सिस्टर एका गटात होत्या. त्यांनी फॉर्म सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला, अंड्याची अ‍ॅलर्जी कुणाला, गोळ्या कुणाला, आणि जे मला लोक लाजून सांगत नव्हते ते त्यांना पटापट सांगितलं. मलेरियाच्या गोळ्यांवर मात्र हमखास हसतात. लालबागच्या माणसाला मलेरिया शिकवता का? शिकवत नाही, गोळी तेवढी घ्या म्हणते.

मग बॅगा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून मारात जाणारी विमानं लहान असतात आणि हातातलं धरून 15 किलो सामान घेतात. बॅगही मऊ हवी, कारण ती पोटातल्या खाचेत कोंबावी लागते. कडक सुटकेस तिथे निरुपयोगी. आमच्या लोकांच्या बॅगेत कपडे कमी आणि खाऊ जास्त. चिवडा गल्ली हाकेच्या अंतरावर असताना दुसरं काय होणार? त्यात केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी, टांझानियात 1 जून 2019 पासून. चिवडा स्टीलच्या डब्यात भरला की वजन वाढतं, पिशवीत भरला की पिशवी विमानतळावर काढून घेतील ही धास्ती. यावर तोड म्हणून मी निघायच्या आदल्या रविवारी सगळ्यांना बॅगा घेऊन बोलावते आणि मसाल्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर तोलते. तो काटा मिरचीचा. बॅग ठेवली की पोत्यातली धूळ उडते, तोलणारा शिंकतो, मागचा शिंकतो, आणि आकडा कुणालाच नीट वाचता येत नाही. सतरा किलो निघाले की मावशी आधी नवऱ्याची पँट बाहेर काढतात. चकलीला हात लागत नाही. दुकानदार शेठ मध्येच म्हणतात, "ताई, बेडगी घेऊन जा, तिकडे तिखट मिळणार नाही." आणि बॅग पुन्हा सोळावर.

समुद्र शेवटी ठेवायचा. पहाटे साडेपाचचा चहा, लाल धूळ, चार दिवस हाडं खिळखिळी, यानंतर माणसाला पाण्याकाठी पडून राहायचं असतं. आधी पडून राहिला तर पहाटे उठत नाही. शिवाय लहान विमानं हवेवर चालतात, उशीर होतो. परतीच्या मोठ्या विमानाच्या आधी दोन सैल दिवस असलेले बरे. पण इथे माझ्यासमोर जो अडथळा आहे तो दिल्लीच्या एजंटाला नसेल. लालबागची बरीचशी घरं मूळची कोकणातली. देवगड, मालवण, गुहागर. "समुद्र बघायला आफ्रिकेत कशाला जायचं?" हा प्रश्न मला कधी चुकीचा वाटला नाही. पांढरी वाळू आणि नारळाची झाडं दाखवून मी त्यांना झांजिबार विकू शकत नाही. केनियातच डिआनीचा किनारा आहे, नैरोबीहून मोम्बासापर्यंत 2017 पासून नवी रेल्वे धावते, वेगळा व्हिसा नको, खर्च कमी. फक्त आराम हवा असेल तर मी तेच सुचवते. ती गाडी त्सावोवरून जाते. 1898 साली त्सावोच्या पुलाच्या कामावर दोन सिंहांनी मजूर मारले, त्यांत बरेच हिंदुस्थानातून नेलेले, ही गोष्ट डब्यात सांगितली की पोरं खिडकी सोडत नाहीत.

झांजिबारला वेगळा व्हिसा लागतो, 1 ऑक्टोबर 2024 पासून तिथलाच विमा माणशी 44 डॉलरला घ्यावा लागतो. एवढं करून न्यायचं तर किनारा निवडण्यात घोळ नको. पूर्वेकडे पाजे, जांबियानीला ओहोटीत पाणी इतकं मागे जातं की पोहायला आलेला माणूस कोरड्या तळावर उभा राहतो. अमावस्या-पौर्णिमेला सगळ्यात जास्त. म्हणजे पुन्हा कालनिर्णय. नव्या लग्नाच्या जोडप्यांना मी उत्तरेला नुंग्वी-केंड्वाला ठेवते, तिथे दिवसभर डुंबता येतं. कोकणातल्यांना मात्र मुद्दाम पूर्वेला. देवगडचे एक काका ओहोटी बघून खूश झाले, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि समुद्रशैवालाची शेती करणाऱ्या बायकांच्या मागे पार आत चालत गेले. भाषेचा पत्ता नाही. दोरीला शेवाळ कसं बांधतात ते शिकून, भरतीच्या अंदाजाने बरोबर वेळेवर बाहेर आले. हॉटेलचा पोरगा तोवर शिट्ट्या मारून दमला होता.

पण माझं मन स्टोन टाउनमध्ये असतं, हे कबूल करते. माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात होते. 1982च्या संपानंतर त्यांनी गिरणी पुन्हा पाहिली ती भिंतीबाहेरून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांचं कोरं, जाडंभरडं कापड याच बंदरात उतरायचं आणि अमेरिकन कापडाशी टक्कर घ्यायचं, हे मला धंद्यात पडल्यावर कळलं. वाऱ्याच्या दोन ऋतूंवर गलबतं चालायची, ईशान्येच्या वाऱ्यावर इकडून तिकडे, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परत. पूर्व आफ्रिकेत तेव्हा रुपया चालायचा. गल्ल्यांतून फिरताना पितळी खिळ्यांचे दरवाजे दाखवते, फ्रेडी मर्क्युरीचं जन्मगाव हेच आणि शाळा आपली पाचगणीची, हे तरुणांना सांगते. गुलामांच्या बाजाराची जागा मी सकाळी पहिली ठेवते. तो बाजार 1873 साली बंद झाला आणि त्यावर चर्च उभं राहिलं. तिथून निघाल्यावर लगेच जेवायला बसायला लावू नये, मध्ये तासभर चालणं असावं.

दुपारी मसाल्याची बाग. हा कार्यक्रम सगळ्याच टूरमध्ये असतो आणि सहसा फोटो काढून संपतो. यंदाच्या गटात लालबागला मसाल्याचं दुकान असलेल्या काकू होत्या. गाइडने लवंगेचं झाड दाखवलं, कळ्या फुलायच्या आत तोडतात, चटईवर उन्हात वाळवतात, वगैरे सांगितलं. काकूंनी वाळलेली एक लवंग उचलली, देठात नख रोवलं, तेल सुटलं का ते पाहिलं, बोंड शाबूत आहे का पाहिलं, मग दातांखाली धरली. "माल चांगला आहे," मला म्हणाल्या, "भाव विचार." गाइड गोंधळला. झांजिबारमध्ये शेतकऱ्याला लवंग बाहेर विकता येत नाही, सगळी सरकारी महामंडळ घेतं, हे त्याने समजावलं. काकूंनी ते नीट ऐकून घेतलं. मग मी दुभाषी आणि त्या विचारणाऱ्या, असं अर्धा तास चाललं. महामंडळ पोत्याने देतं का, ओलावा किती धरतात, देठ वेगळा करतात का. बाकीची मंडळी तोवर शहाळी पिऊन आली.

परतीच्या गाडीत काकूंनी विचारलं, ते सरकारी ऑफिस कुठेशी आहे. शहरातच आहे, मी म्हटलं. "मग उद्या सकाळी बोटीतून फिरण्याऐवजी तिकडे जाऊन येऊ?" दुसरा दिवस सैल ठेवलेला होता. बोटवाल्याला फोन करून मी फेरी संध्याकाळवर ढकलली.